चंद्रावर ओल आढळल्याबाबत

राहण्याजोगी जागा आणि राहायला मिळालेली जागा या दोन गोष्टी विश्वाच्या आरंभापासून वेगळ्या आहेत. पहिली दुर्बिणीतून दिसते, दुसरीची किल्ली हातात मिळते. या दोहोंमधलं अंतर मोजायला प्रकाशवर्ष हे माप अपुरं पडतं, आणि म्हणूनच आमचा कक्ष स्थापन करावा लागला.

कक्षाचं पूर्ण नाव 'सूर्यमालेबाहेरील महाकाय ग्रहांच्या चंद्रांची निवासयोग्यता तपासणी, दाखला व नोंदवही कक्ष' असं आहे. (पाटीवर एवढं मावलं नाही. पाटी 'दाखला व नोंदवही' इथून सुरू होते, त्यामुळे लोक आमच्याकडे जन्माचे दाखले मागायला येतात. आम्ही कोणाला परत पाठवत नाही. बाकावर बसवून ठेवतो.) मी तिथला नोंदवही कारकून, खिडकी क्रमांक तीन. एखाद्या चंद्राची नोंद वहीत माझ्या अक्षरात झाली की तो चंद्र. नाही झाली तर तो यंत्रदोष. माझं अक्षर चांगलं आहे, हे मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही, पण दुसरं कोणी सांगत नाही.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. महाकाय ग्रहावर कोणालाही राहता येत नाही. तिथे तळमजलाच नाही. बाहेरून आतपर्यंत नुसता वायू, पाय ठेवला की माणूस खाली जातच राहतो, आणि खाली जात राहणाऱ्या माणसाचा पत्ता कसा लिहायचा हे टपालखात्याने अजून ठरवलेलं नाही. पण अशा धटिंगणाभोवती चंद्र असू शकतात, त्यातले काही चांगले पृथ्वीएवढे, घट्ट जमिनीचे. ग्रह आपल्या ताऱ्यापासून बेताच्या अंतरावर असला, म्हणजे फार भाजत नाही आणि फार गारठत नाही असा, तर चंद्रालाही तोच लाभ आपोआप मिळतो. शिवाय ग्रह आपल्या ओढीने चंद्राला सतत पिळत असतो, त्यामुळे चंद्र आतून ऊबदार राहतो. (मालकाने पिळल्यामुळे भाडेकरूचं भलं झालं, असं निसर्गात आढळलेलं हे एकमेव उदाहरण.)

चौदा वर्षांपूर्वी वरून आदेश आला की अशा चंद्रांची तपासणी करणारं कार्यालय पंधरा दिवसांत उभं राहिलं पाहिजे. पंधरा दिवसांत साधं कपाट येत नाही. तेव्हा गृहनिर्माण खात्यातले जास्तीचे लोक, जास्तीची टेबलं आणि चार हजार कोरे छापील नमुने उचलून इकडे आणण्यात आले. नियमावलीही तिकडचीच आली. तिच्या पहिल्या पानावर एका ओळीची दुरुस्ती चिकटवली: 'जिथे जिथे घर असेल तिथे चंद्र वाचावे, आणि जिथे घरमालक असेल तिथे महाकाय ग्रह.' एवढ्या एका ओळीत एक खातं दुसऱ्या खात्यात शिरलं. कायद्याच्या इतिहासात इतकी सुटसुटीत दुरुस्ती दुसरी नसेल.

त्यामुळे चंद्राच्या नमुन्यात असे रकाने आहेत: जिना आहे काय, जिन्यावर दिवा आहे काय, हवा खेळती आहे काय, मालकाची लेखी संमती जोडली आहे काय, शेजार कसा आहे. आणि सर्वांत महत्त्वाचा रकाना तिसरा: ओल आहे काय.

या तिसऱ्या रकान्याचे स्वामी म्हणजे आमचे ज्येष्ठ पाहणी अधिकारी. त्यांना सगळे ओलवाले म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. गृहनिर्माण खात्यात त्यांनी सव्वीस वर्षं भिंतींना तळहाताची मागची बाजू लावून, डोळे मिटून, ओल ओळखली. माणूस इतका प्रामाणिक की त्यांनी कधी कोणाकडून काही घेतलं नाही, सल्लासुद्धा नाही. चंद्राच्या भिंतीला हात लावता येत नाही म्हणून ते फाइलला हात लावतात. वेधशाळेकडून आलेल्या आलेखावर हात ठेवायचा, डोळे मिटायचे, मग खालची टीप वाचायची. टिपेत 'पाण्याच्या वाफेच्या खुणा' असे शब्द दिसले की ओलवाले सुस्कारा टाकतात आणि लाल शाईने लिहितात, 'ओल आढळली. निवासास अयोग्य.'

कक्षाची कामगिरी आकड्यांतच बोलते. चौदा वर्षांत अर्ज आले दोनशे बारा. मालकाच्या संमतीअभावी प्रलंबित एकशे चार. जिन्यावर दिवा नसल्याने नामंजूर एकसष्ट. ओल आढळल्याने नामंजूर तेहेतीस. मंजूर चौदा. हे चौदाही चंद्र हाडासारखे कोरडे असून त्यांच्यावर हवा नाही. (रकाना चार: 'हवा खेळती नाही, तथापि हवाच नसल्याने हरकत नाही.') या चौदा चंद्रांबद्दल रहिवाशांकडून आजवर एकही तक्रार आलेली नाही. असा अभिमान बाळगू शकणारं दुसरं गृहनिर्माण कार्यालय असेल तर त्याने पुढे यावं.

आता माझ्या वहिनींबद्दल. हितसंबंध आधी जाहीर करावेत असा नियम आहे, म्हणून करतो: अर्जदार क्रमांक दोनशे तेरा ही माझ्या थोरल्या भावाची बायको. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर वेधशाळेचं कार्यालय आहे, तिथे त्या निरीक्षक. निरीक्षक म्हणजे रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसणारी बाई असं कोणाला वाटेल. दुर्बीण दूर डोंगरावर आपली आपण बघत असते. वहिनी दहा ते पाच आकडे बघतात.

त्यांचं काम समजायला सोपं आहे. दिव्यासमोरून भोपळा गेला तर उजेड थोडा कमी होतो. भोपळ्याच्या मागेपुढे एक मोहरीचा दाणा चालत असेल तर उजेड आणखी किंचित कमी होतो, कधी भोपळ्याच्या आधी, कधी नंतर. भोपळा म्हणजे ग्रह. मोहरी म्हणजे चंद्र. वहिनी एका ताऱ्याचा उजेड एकोणीस वर्षं मोजत होत्या. त्यांचा भोपळा दर चारशे अकरा दिवसांनी समोरून जातो, म्हणजे एकोणीस वर्षांत तो सतरा वेळा गेला. तीन वेळा यंत्र दुरुस्तीला होतं, एकदा वीज नव्हती. उरलेल्या तेरा वेळांत वहिनींना तेराही वेळा मोहरी दिसली. आणि मागच्या खेपेला, नव्या यंत्रामुळे, त्या मोहरीभोवतीची हवा दिसली आणि हवेत पाणी दिसलं. भरपूर.

त्या दिवशी जेवताना वहिनींनी ही बातमी सांगितली. दादांनी विचारलं, "म्हणजे तिथे कोणी राहतं का?"

"ते नाही माहीत. पण राहू शकेल. नदी असेल, ढग असतील. अहो, एकोणीस वर्षं मी एका ठिपक्याच्या सावलीकडे बघत होते!"

"भाऊजी," मग त्या माझ्याकडे वळल्या, "दाखला मिळेल ना हो?"

"कार्यालयीन वेळेत विचारा, वहिनी," मी म्हटलं.

दादा म्हणाले, "घरात दोन सरकारी माणसं असली की मीठ मागायलाही अर्ज करावा लागतो."

वहिनींच्या घाईला कारण होतं. त्या महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. आणि नियम बारा असा आहे की निरीक्षकाच्या निवृत्तीपर्यंत ज्या चंद्राची नोंद होत नाही तो यंत्रदोष धरून त्याचे कागद नष्ट करावेत. हा नियम अत्यंत दूरदर्शी आहे. माणूस घरी बसला की त्याने पाहिलेलंही घरी बसावं, नाहीतर कपाटं पुरायची नाहीत. ओल आढळलेले तेहेतीस चंद्र असेच वेळोवेळी यंत्रात गेले आणि कागदाच्या शेवया होऊन बाहेर आले. वहिनींच्या हातात सव्वीस दिवस होते. रविवार धरून.

अर्ज आला, मी शिक्का मारला, फाइल ओलवाल्यांकडे गेली. सुनावणीला अर्जदाराने हजर राहायचं असतं. वहिनी तेरा आलेख गुंडाळून घेऊन आल्या आणि एकेक उलगडून सांगू लागल्या. ओलवाल्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कारण ते सभ्य आहेत.

"बाई, ओल आहे ना?" शेवटी ते म्हणाले.

"आहे. भरपूर आहे. तेच तर मी—"

"आहे ना? मग झालं."

"अहो, पाणी आहे म्हणून तर तिथे जगता येईल!"

"सगळे बिल्डर हेच म्हणतात," ओलवाले म्हणाले, आणि त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

वहिनींनी तिथल्या तिथे कक्षाच्या साहेबांकडे अपील केलं. साहेबांना अपील आवडत नाही, पण वहिनी टेबलासमोरून हलेनात. साहेबांनी नियमावली उघडली. नियम अकरा: 'ओल असूनही पूर्वी एखाद्या ठिकाणास दाखला दिलेला असल्यास तो आधार मानावा.'

"याआधी इतकी ओल असलेल्या जागी कोणी राहिलंय का?" साहेबांनी विचारलं.

"आपण राहतोय, साहेब."

साहेबांनी कार्यालयाच्या पश्चिमेकडच्या, पोपडे सुटलेल्या भिंतीकडे नजर टाकली आणि चटकन काढून घेतली.

"पृथ्वीवर, साहेब," वहिनी म्हणाल्या. "सात-दशांश पाणी आहे. आणि लाखो वर्षं माणसं राहताहेत."

साहेबांनी मला हुकूम सोडला, 'पृथ्वीचा दाखला काढा.' मी तीन दिवस शोधला. आमच्या वह्यांत नव्हता. गृहनिर्माण खात्याच्या तळघरात नव्हता. जुन्या नोंदींच्या खोलीतल्या माणसाने विचारलं, कोणत्या साली दिला होता? मी म्हटलं, नक्की नाही, बहुधा पूर्वी. चौथ्या दिवशी निष्कर्ष लिहावा लागला: पृथ्वी नावाच्या ठिकाणास निवासयोग्यतेचा दाखला कधीही देण्यात आलेला नाही. अर्जच झालेला नाही. सगळे तसेच राहायला आले.

दाखला नसेल तर आधार नाही. पण साहेब अडून बसणारे नाहीत. ते म्हणाले, आजवर राहिलं ते राहिलं, आता रीतसर पाहणी करून देऊन टाकू. ओलवाले, जाऊन या. ओलवाले सकाळी अकराला पृथ्वीची पाहणी करायला बाहेर पडले आणि चहा धरून सव्वाबाराला परत आले. त्यांचा अहवाल मी स्वच्छ अक्षरात उतरवून घेतला. त्यातला काही भाग असा:

'क्षेत्राच्या दहा भागांपैकी सात भाग पाण्याखाली. ओल अतितीव्र. उरलेल्या भागांत वरून अधूनमधून गळती. जिना नाही, आत आलेला रहिवासी बाहेर जाण्याची सोय आढळली नाही. दिवा एक, तोही अर्धा वेळ बंद. हवा पूर्वी खेळती असावी. सध्या रहिवाशांनी तीत धूर भरून ठेवला आहे, कारण विचारता समाधानकारक उत्तर मिळाले नाही. मालकाबद्दल एकवाक्यता नाही. प्रत्येकाने वेगळे नाव सांगितले व प्रकरण हातघाईवर आले. बांधकामास परवानगी नाही. शेजार: झाडे, पक्षी, मासे वगैरे जुन्या रहिवाशांपैकी बरेच जागा सोडून गेले आहेत. नवा पत्ता ठेवलेला नाही. शेरा: निवासास अयोग्य.'

अहवाल साहेबांच्या टेबलावर गेला तेव्हा तो धरून तिथे चाळीस कागद होते. साहेबांनी चाळीसही कागदांवर सही केली. (यात एक कागद पंख्याच्या दुरुस्तीचा होता. पंखा अजून तसाच आहे. पृथ्वीचं मात्र त्याच दिवशी झालं.)

वहिनींचा चेहरा पडला. मला ते बघवलं नाही, हे मान्य करतो. ज्या आधारावर त्यांचा चंद्र तरायचा तो आधारच बुडाला होता, आणि महिन्याचे आठ दिवस उरले होते. घरी आल्यावर त्या ताट पुढ्यात घेऊन वर बघत बसल्या.

वर आमच्या छताला एक डाग आहे. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा पाइप गळतो, त्याचं पाणी झिरपून हा डाग तयार झाला आणि दरवर्षी थोडा थोडा वाढत गेला. सुरुवातीला तो वाटीएवढा होता, आता परातीएवढा आहे. त्याच्या मधोमध थेंब धरतो आणि खाली ठेवलेल्या बादलीत पडतो. दादांनी तक्रार केली होती. पाहणीला ओलवालेच आले होते, तेव्हा ते तिकडच्या खात्यात होते. त्यांनी डागाला हात लावला, डोळे मिटले, हात पुसला आणि लिहून दिलं: 'सदर इमारत पर्यायी निवास या सदरात मोडत असल्याने ओलीची तपासणी लागू नाही.' मोडकळीला आलेल्या एका जुन्या वसाहतीतून आम्हाला इथे अकरा महिन्यांसाठी आणलं होतं. त्याला येत्या मार्चमध्ये बावीस वर्षं होतील.

बादलीत थेंब पडला. वहिनींनी ताट बाजूला सारलं.

"भाऊजी, ते 'लागू नाही' कुठल्या नियमाखाली हो?"

मला तो नियम पाठ होता. पहिल्या दिवसापासून पाठ होता. पण विचारल्याशिवाय नियम सांगणं म्हणजे पक्षपात, आणि सांगितला तर तो घरी सांगणं म्हणजे आणखी मोठा पक्षपात. "कार्यालयीन वेळेत विचारा, वहिनी," मी म्हटलं. मात्र दुसऱ्या दिवशी मी खिडकी साडेदहाऐवजी दहा वाजून वीस मिनिटांनी उघडली. माझ्या नोकरीतला हा एकमेव गैरव्यवहार. वहिनी आधीच उभ्या होत्या.

नियम एकोणीस असा आहे. निवासास अयोग्य ठरलेल्या जागेतल्या रहिवाशांना तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदवहीतील पर्यायी निवासात हलवावं. पर्यायी निवास मूळ जागेशी मिळताजुळता असावा. त्यात मूळ जागेइतकीच गैरसोय असावी, त्याहून अधिक नसावी. आणि पर्यायी निवासाला ओल, जिना, दिवा, संमती यांपैकी काहीही लागू नाही, कारण ही सोय तात्पुरती असते.

पृथ्वी अयोग्य ठरलीच होती. रहिवासी होतेच. नोंदवहीतल्या चौदा चंद्रांवर हवा नव्हती, म्हणजे मूळ जागेहून गैरसोय अधिक. मूळ जागेइतकीच अतितीव्र ओल, असा चंद्र कक्षाकडे एकच होता, कारण बाकीचे तेहेतीस आम्ही वेळच्या वेळी फाडले होते. ओलवाल्यांनी नियम दोनदा वाचला. ते नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकत नाहीत, म्हणूनच मला त्यांच्याबद्दल आदर आहे. त्यांनी लाल पेनाला टोपण घातलं आणि निळं पेन काढलं.

नोंद मी केली. क्रमांक पंधरा. जागेचं वर्णन: महाकाय ग्रहाचा चंद्र, दर्शनी बाजू कायम मालकाकडे वळलेली, पाणी भरपूर. वापर: पृथ्वीच्या रहिवाशांसाठी पर्यायी निवास. वहिनी खिडकीतून वाकून बघत होत्या. त्यांनी बोट पुढे केलं.

"शाई ओली आहे, हात लावू नका," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आनंद झाला. अगदी पोटातून झाला. तो कार्यालयीन वेळेत झाला म्हणून इथे नोंदवतो.

त्यानंतर नियमाप्रमाणे वाटप सुरू झालं. तीस दिवसांच्या नोटिशी निघाल्या. रहिवासी आठशे कोटी. प्रत्येकी दोन नग सामान. प्रवास ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर करावा. (आज उपलब्ध असलेल्या वेगाने हा प्रवास साधारण साडेदहा लाख वर्षांचा आहे. नोटिशीची मुदत वाढवून मिळणार नाही.) लोकांचा प्रतिसाद इतका उत्स्फूर्त होता की बाक कमी पडले. एवढ्या लांब कसं जायचं हे एकानेही विचारलं नाही. दर्शनी बाजू मिळावी, गॅलरीतून ग्रह दिसावा, असे अर्ज दोन गठ्ठे. शेजारी अमुक प्रकारचे लोक नकोत, असे अर्ज नऊ गठ्ठे. दोन जागा जोडून एक करून मिळतील का, अशी विचारणा एका गृहस्थाने पोचण्याआधीच केली. कोणी नदीकाठी कुंपण मागितलं, कोणी त्याच कुंपणाच्या आतली नदी. आणि ओलवाल्यांनी स्वतःहून एक प्रस्ताव तयार केला, कारण त्यांना रहिवाशांची खरोखर काळजी असते: 'सदर चंद्र ताब्यात देण्यापूर्वी संपूर्ण कोरडा करून घ्यावा.' साहेबांनी त्यावर 'तत्त्वतः मान्य' लिहिलं.

हे सगळे कागद वहिनींच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी माझ्या खिडकीत होते. वरच्या मजल्यावर त्यांचा निरोपसमारंभ झाला. साहेबांनी आपल्या भाषणात त्यांचं नाव दोनदा घेतलं, एकदा बरोबर. भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते घड्याळ काखेत धरून वहिनी पाचला दहा कमी असताना खाली आल्या आणि गठ्ठे चाळत उभ्या राहिल्या. दर्शनी बाजूचे, कुंपणाचे, जोडून घ्यायचे, सगळे. ओलवाल्यांच्या प्रस्तावाशी येऊन त्यांचा हात थांबला. मग त्यांनी माझ्याकडे एक कोरा नमुना मागितला आणि उभ्या उभ्या भरला. मी तो तसाच देतो.

'हरकत. मी अर्जदार क्रमांक दोनशे तेरा. ही जागा मी एकोणीस वर्षं पाहत आहे. जागा चांगली आहे, म्हणून माझी हरकत आहे. येणाऱ्या रहिवाशांनी आधीची जागा कशी ठेवली, त्याचा अहवाल याच कार्यालयात आहे. तो कृपया पुन्हा वाचावा.'

"वहिनी," मी म्हटलं, (कार्यालयीन वेळेत हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच गेला) "एवढा जीव टाकलात त्याच्यावर, दाखल्यासाठी दारोदार फिरलात, आणि आता कोणाला जाऊच द्यायचं नाही?"

"दाखला त्याच्यासाठी हवा होता, भाऊजी. आपल्यासाठी नव्हे. मारा शिक्का, पाच वाजतील."

मी शिक्का मारला. त्यांच्या काखेतलं घड्याळ बघून मारला, आणि ते घड्याळ पंधरा मिनिटं मागे होतं हे नंतर कळलं. पण पोच दिली ती दिली.

आता हरकत दाखल झाल्यावर काय होतं, तर नियम तेवीस लागू होतो. वाटप थांबतं. चंद्र कोरडा करण्याचं कामही थांबतं. प्रत्येक रहिवाशाची सुनावणी होते, आणि आपण जागा नीट सांभाळतो हे ज्याचं त्याने सिद्ध करायचं असतं. त्यासाठी आधीच्या जागेतल्या दोन शेजाऱ्यांची साक्ष लागते. माणूस चालत नाही, कारण सगळी माणसं सहअर्जदार आहेत आणि सहअर्जदाराची साक्ष ग्राह्य धरत नाहीत. पाळलेलं कुत्रं-मांजर चालत नाही. ते तुमच्या हातचं खातं. कुंडीतलं रोप चालत नाही, त्याच कारणाने. वहिनींनी हल्ली गॅलरीत पक्ष्यांसाठी पसरट भांड्यात पाणी ठेवायला सुरुवात केली आहे. मी त्यांना सांगितलं की सुनावणीपूर्वी हे लाच म्हणून धरलं जाईल. त्या म्हणाल्या, धरू द्या. पाणी छताखालच्या बादलीतलंच असतं.

नोटीस आपल्याला मिळालीच नाही, अशी सबब चालणार नाही. नियम अठरानुसार मजकूर वाचणाऱ्याला नोटीस बजावली गेली असं समजण्यात येतं, आणि तुम्ही इथवर वाचलं आहे. तीस दिवस आजपासून मोजावेत. खिडकी क्रमांक तीन साडेदहाला उघडते. मी समोर वही ठेवून, पेनात शाई भरून बसलेला असतो. आठशे कोटी अर्जदारांपैकी साक्षीदार घेऊन अजून कोणीच आलेलं नाही, त्यामुळे रांग मुळीच नाही. तुमच्याबद्दल दोन शब्द बरे बोलेल असं, माणूस सोडून, कोणी असेल तर त्याला सोबत घेऊन या.